केसरबाई थांबल्या, आणि आपण बोलत सुटलो



गेल्या महिन्यात माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा गाइड मॅडमकडून परत आला. बेचाळीस पानं. बाकी सगळीकडे नेहमीच्या खुणा होत्या: इथे तळटीप, तिथे शुद्धलेखन. पण एका वाक्याखाली लाल पेनाने दोन रेघा होत्या आणि समासात तीनच शब्द: "हे कोणी सांगितलं?"

वाक्य असं होतं: "१९६३-६४च्या सुमारास जाहीर मैफली सोडल्यावर केसरबाईंनी उर्वरित आयुष्य मानी एकांतात व्यतीत केलं."

खरं सांगते, आधी मला रागच आला. इतकं साधं वाक्य! बाळकुम नाक्यावरून ठाणे स्टेशनला जाणाऱ्या बसमध्ये उभ्या उभ्या मी ते तीन-चारदा वाचलं. बाहेर मेट्रोच्या कामामुळे गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या, त्यामुळे वेळ भरपूर होता. कापूरबावडी येईपर्यंत लक्षात आलं की या वाक्यात एकच गोष्ट माझ्याकडे पुराव्यानिशी आहे, ती म्हणजे त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. 'मानी' कुठून आलं? 'एकांत' कुठून आला? मी ते लिहिलं नव्हतं, ते माझ्या बोटांतून आपोआप उतरलं होतं. याआधी वीस ठिकाणी तसंच वाचलं होतं ना.

तर आजचा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. माझा विषय गायक-गायिकांवरचं मराठी चरित्रपर लेखन. पण पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या कुणालाही हा प्रश्न भेटणारच. ज्या व्यक्तीबद्दल आपण लिहितोय ती गप्प झाली, तर त्या गप्प काळाचं करायचं काय?

आधी थोडी ओळख

ज्यांना केसरबाई फक्त नावाने माहीत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. केसरबाई केरकर यांचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावी झाला, कलावंत समाजात. (गोव्यात केरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. तालुका लिहायला विसरू नका, मी विसरले होते.) लहानपणापासून वेगवेगळ्या गुरूंकडे शिक्षण झालं. भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे ही त्यातली मोठी नावं. पण त्यांचं गाणं घडलं ते जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या हाताखाली. १९२१पासून ती कडक तालीम सुरू झाली आणि खाँसाहेब १९४६मध्ये गेले तोवर गुरू-शिष्याचं नातं टिकलं. १९५३मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६३-६४च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणं थांबवलं, तेव्हा वय सत्तरीच्या पुढे होतं. १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

म्हणजे थांबल्यानंतर त्या सुमारे तेरा वर्षं जगल्या. तेरा वर्षं हा लहान काळ नाही. आपल्यापैकी अनेकांचं बारावीपासून पीएचडीपर्यंतचं सगळं त्यात बसेल. आणि त्यांच्यावरच्या लेखांमध्ये या तेरा वर्षांना साधारणपणे मिळतं एक वाक्य. तालमीच्या कथा पानभर. कोणाच्या मैफलीतून उठून गेल्या, कोणत्या संस्थानिकाला काय सुनावलं, हे दीड पान. मग एक वाक्य. आणि लगेच व्हॉयेजर यान. त्याकडे पुढे येते.

तयार साचे

हे एक वाक्य इतकं सहज का येतं? मला वाटतं, थांबलेल्या कलावंतासाठी आपल्याकडे साचे तयार असतात आणि आपण माणूस त्यात ओततो.

पहिला साचा ऱ्हासाचा. त्याचं मोठं उदाहरण बालगंधर्व (१८८८ ते १९६७). वैभव, कर्ज, बोलपटांनी बदललेला काळ, आजारपण, आणि तरी गात राहणं. १९६४मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पण सांगितली जाते ती शोकांतिका. २०११मध्ये आलेल्या 'बालगंधर्व' चित्रपटानेही हीच रेषा धरली. त्यांच्या बाबतीत हा साचा बराचसा बसतोही, म्हणून तो जास्त धोक्याचा. एकाला नीट बसला की पुढच्याला न मोजता घातला जातो.

दुसरा साचा जखमेचा. तो अन्नपूर्णादेवींना मिळाला (१९२७ ते २०१८). त्या गायिका नव्हत्या, सूरबहार वाजवायच्या, पण मुंबईत दीर्घकाळ राहून जाहीर वादनापासून दूर राहिलेल्या कलावंत म्हणून त्यांची आठवण इथे येणं साहजिक आहे. त्यांच्या मौनाची गोष्ट बहुतेक वेळा रविशंकर यांच्याशी झालेल्या लग्नाची गोष्ट होऊन जाते. हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी, नित्यानंद हळदीपूर अशा शिष्यांना त्यांनी दिलेली वर्षानुवर्षांची तालीम त्या गोष्टीत तळटीप होते. खरं तर ते त्यांचं भरलेलं कामाचं आयुष्य होतं.

तिसरा साचा तोऱ्याचा. हा केसरबाईंचा. त्या मानी, फटकळ, कोणाला शिकवायच्या नाहीत, कोणाचं ऐकायच्या नाहीत. म्हणून थांबल्या तेही तोऱ्यात.

आणि याच्या शेजारी ठेवलेली मूर्ती असते मोगूबाई कुर्डीकरांची (१९०४ ते २००१). गोव्याच्याच, अल्लादियाखाँच्याच शिष्या. किशोरी आमोणकरांच्या आई आणि गुरू. त्यांच्या उत्तरायुष्याबद्दल 'माऊली'चा सूर लागतो. दोन बायका, एक गुरू, आणि आपण दोन कप्पे करून मोकळे: एक माऊली, एक मानी. मोगूबाईंना कधी राग आला असेल, केसरबाईंना कधी माया वाटली असेल, याला या मांडणीत जागाच नाही.

पुरुषांच्या बाबतीत शब्द कसे बदलतात तेही बघा. उस्ताद मैफल अर्धवट सोडून उठले तर ते 'करारी' किंवा 'कलंदर'. बाई उठली तर 'अहंकारी'. हा माझा शोध नव्हे, जुने संगीतविषयक लेख घेऊन बसा आणि विशेषणांची यादी करा. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) मी दोन शनिवार हेच केलं. विशेषणं मोजणं हा अगदी कारकुनी प्रकार वाटतो, पण आपलं डोकं कुठे वळण घेतं ते त्याने कळतं.

त्याच सुमाराला टोरांटोचा एक माणूस थांबला

आता जरा लांब जाऊ. कॅनडात ग्लेन गूल्ड नावाचा पियानोवादक होता. जन्म १९३२, टोरांटोचा. बाखच्या संगीतासाठी जगभर गाजलेला. १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याने शेवटची जाहीर मैफल केली आणि त्यानंतर श्रोत्यांसमोर वाजवणं कायमचं बंद केलं. वय होतं ३१.

केसरबाई आणि गूल्ड यांच्यात साम्य काहीच नाही. पण थांबण्याचा काळ जवळजवळ एकच आहे, म्हणून तुलना मोलाची ठरते. एकाच प्रकारच्या कृतीबद्दल जग कसं लिहितं ते समोरासमोर ठेवता येतं.

गूल्डचं थांबणं हा 'विचार' मानला गेला. १९६६मध्ये त्याने ध्वनिमुद्रणाच्या भवितव्यावर एक लांबलचक निबंध लिहिला. शंभर वर्षांत जाहीर मैफल हा प्रकारच उरणार नाही, असं भाकीत त्यात आहे. स्टुडिओत तुकडे जोडून कलाकार जास्त चांगली कृती घडवू शकतो आणि घरी बसलेला श्रोताही त्यात भाग घेऊ शकतो, अशी त्याची मांडणी. पुढे रेडिओचे माहितीपट, दूरचित्रवाणी, मुलाखती. ४ ऑक्टोबर १९८२ला तो वारला तोपर्यंत स्वतःच्या थांबण्यावर तो बोलतच राहिला. आज त्याच्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला मौनाची अडचण नाहीच, अडचण आहे ती शब्दांच्या ढिगाची.

त्याच्या लहरीपणाच्याही कथा आहेत. उन्हाळ्यात ओव्हरकोट, हातमोजे, वडिलांनी बनवून दिलेली बुटकी खुर्ची. पण फरक असा की त्याच्या बाबतीत लहरी ही विचाराच्या बाजूला ठेवलेली गंमत असते. केसरबाईंच्या बाबतीत स्वभाव हेच कारण ठरतं. त्याने का सोडलं? कारण त्याला असं वाटत होतं. बाईंनी का सोडलं? कारण त्या तशाच होत्या.

इथे मला लगेच 'स्त्री-पुरुष भेद' असं लिहून पुढे जायचं होतं. तो भेद आहेच, वर विशेषणांत आपण तो पाहिला. पण एवढंच म्हटलं तर अर्धी गोष्ट सुटते. गूल्डच्या पाठीशी रेकॉर्ड कंपनी होती, सरकारी प्रसारण संस्था होती, लिहायला मासिकं होती. त्याचं थांबणं म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाणं होतं. केसरबाईंनी ध्वनिमुद्रण मुळातच मोजकं केलं: ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. ज्यांचं गाणं एक राग तासभर उलगडणारं, त्यांना ती तबकडी किती पुरणार? खासगी मैफलींची काही ध्वनिमुद्रणं नंतर रसिकांमध्ये फिरली, पण ते दुसऱ्यांनी जपलेलं. तेव्हा बाई मंचावरून उतरल्या तेव्हा दुसऱ्या मंचावर गेल्या नाहीत. म्हणून त्यांच्या बाबतीत कागद कमी आहे. आणि कागद कमी असला की स्वभाव जास्त लिहिला जातो. माझ्या मते हा नियमच आहे, आणि तो केसरबाईंपुरता नाही. दलित शाहीर, तमाशातल्या स्त्रिया, गिरणीतले भजनी बुवा, सगळ्यांवरच्या लेखनात तो दिसेल.

पुस्तकं कशी वाचायची

केसरबाईंच्या उतारवयाबद्दल आज सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक म्हणजे नमिता देवीदयाल यांचं 'द म्युझिक रूम' (२००७). लेखिका लहानपणी केनेडी ब्रिजच्या परिसरात धोंडूताई कुलकर्णींकडे गाणं शिकायला जायची. धोंडूताई (१९२७ ते २०१४) मूळच्या कोल्हापूरच्या, अल्लादियाखाँचे पुत्र भूर्जीखाँ यांच्याकडे शिकलेल्या, आणि पुढे केसरबाईंकडून तालीम मिळालेल्या. केसरबाईंची एकमेव शिष्या म्हणूनच त्यांची ओळख सांगितली जाते.

पुस्तक फार सुंदर आहे. मी दोनदा रडले आहे. तरीही, किंवा म्हणूनच, ते साधन म्हणून वाचताना थर मोजावे लागतात. केसरबाईंनी केलेली गोष्ट, ती धोंडूताईंनी पाहिलेली किंवा ऐकलेली, ती अनेक वर्षांनी त्यांनी शिष्येला सांगितलेली, आणि शिष्येने कादंबरीच्या अंगाने प्रसंग, संवाद, वातावरण उभं करत लिहिलेली. चार थर झाले. यात खोटेपणा नाही. स्मरणकथेचा तो धर्मच आहे. लबाडी सुरू होते ती आपण त्यातला संवाद उचलून प्रबंधात 'केसरबाई म्हणाल्या' असं लिहितो तेव्हा. म्हणायचं असेल तर 'धोंडूताईंच्या आठवणीच्या आधारे देवीदयाल लिहितात' असं म्हणा. वाक्य लांबतं, पण प्रामाणिक राहतं.

आणि एक गंमत बघा. 'केसरबाई कोणाला शिकवत नसत' हा साच्यातला मुख्य खिळा. पण याच पुस्तकाचा पायाच असा आहे की त्यांनी एकीला शिकवलं! एकच शिष्या, हे 'शिकवत नसत' याचा पुरावा म्हणून वाचायचं की 'शिकवलं' याचा? गाणं थांबवायच्या वयात पन्नास जणांचा क्लास न काढता एकाच व्यक्तीला जवळ बसवणं, याला एकांत म्हणायचं का? माझ्या वाक्यातला 'एकांत' इथेच कोसळला.

पु. ल. देशपांड्यांनीही केसरबाईंवर लिहिलंय. ते रसिकाचं लेखन, मैफलीत पुढच्या रांगेत बसून लिहिल्यासारखं. त्यातून बाईंचा दबदबा कळतो, आणि त्याहून जास्त कळतं ते त्या पिढीच्या रसिकाला कलावंतात काय हवं होतं ते. हे दुसरं कळणं संशोधकाला अधिक उपयोगाचं. व्यक्तिचित्रात दोन माणसं असतात, एक समोर बसलेलं आणि एक लिहिणारं. दुसऱ्याला विसरू नका.

व्हॉयेजरची भुरळ

आता ते यान. १९७७मध्ये नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. व्हॉयेजर २ आधी, २० ऑगस्टला. व्हॉयेजर १ नंतर, ५ सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यासाठी जगभरातून संगीताचे २७ नमुने निवडले. भारतातला एकच: केसरबाईंनी गायलेली भैरवी, साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने ती सुचवली होती. आणि याच तबकडीवर बाखची एक रचना वाजवलीय ग्लेन गूल्डने! मंचावरून उतरलेली दोन माणसं, एकाच तबकडीवर.

हे वाचून अंगावर काटा येतो. यायलाच हवा. व्हॉयेजर १ सुटलं आणि अकराव्या दिवशी केसरबाई गेल्या. मैफलीचा शेवट भैरवीने होतो. म्हणजे लेखाचा शेवट आयता तयार, आणि जवळपास प्रत्येक लेख तिथेच संपतो. माझंही प्रकरण तिथेच संपत होतं.

पण थांबून विचारा, या योगायोगाने त्या तेरा वर्षांबद्दल काय सांगितलं? काहीच नाही. तबकडीचा निर्णय अमेरिकेत झाला, जुन्या ध्वनिमुद्रणावर झाला, बाईंच्या उतारवयाशी त्याचा संबंध नाही. उलट या चमकदार शेवटामुळे मधली तेरा वर्षं आणखी अंधारात जातात. वाचकाला वाटतं की बाई मंचावरून उतरल्या आणि थेट आकाशात गेल्या. मध्ये त्या सकाळी उठत होत्या, म्हाताऱ्या होत होत्या, कोणाला तरी पलटे घोटायला लावत होत्या, हे राहूनच जातं.

'आपलं गाणं अवकाशात गेलंय हे त्यांना कळलंही नाही,' असं एक हळवं वाक्यही सर्रास दिसतं. मॅडमचा प्रश्न इथेही लावा: हे कोणी सांगितलं?

माझी दुसरी चूक

मग मी वाक्य बदललं. गूल्ड वाचून मला जोर आला होता. लिहिलं: "कलावंत समाजातून आलेल्या केसरबाईंनी कोणासमोर, किती वेळ आणि काय गायचं हे ठरवण्याचा हक्क आयुष्यभर झगडून मिळवला होता. गाणं थांबवणं हा त्या हक्काचा अखेरचा आणि सर्वोच्च वापर होता."

मला हे फार आवडलं. मॅडमनी 'सर्वोच्च'भोवती गोल केला आणि पुन्हा तेच तीन शब्द लिहिले.

या वेळी रागापेक्षा लाज वाटली, कारण मी पहिल्यासारखंच केलं होतं. 'मानी' काढून 'हक्क' घातला. आधीच्या लेखकांनी बाईंच्या तोंडात तोरा घातला, मी माझा सिद्धान्त घातला. बाई दोन्ही वेळा गप्पच.

याच सुमारास आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींचा किस्सा घडला. बाळकुमच्या जुन्या वस्तीतल्या एका भजनी मंडळात त्या कित्येक वर्षं गायच्या. आवाज असा की खालच्या मजल्यावर गॅलरीत उभं राहून ऐकावं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जाणं बंद केलं. बिल्डिंगमध्ये याची तीन कारणं प्रचलित आहेत: मंडळात भांडण झालं, आवाज गेला, आणि यजमान गेल्यावर त्यांचं मन उडालं. मी आपली संशोधक! एक दिवस चहा घेताना विचारलं, "आजी, तुम्ही भजन का सोडलंत?"

आजी म्हणाल्या, "अगं, सहाची वेळ होती ती चारची केली त्यांनी. चारला आपल्याकडे पाणी येतं. सून कामावर. पाणी कोण भरणार?"

मी पुढे काही बोलूच शकले नाही. त्या मात्र कप विसळताना गुणगुणत होत्या.

केसरबाईंनीही पाण्याच्या वेळेमुळे गाणं सोडलं असं मी म्हणत नाही! एवढ्या श्रेष्ठ गायिकेचा सत्तरीतला निर्णय आणि हा किस्सा यांची तुलना होत नाही. पण मला एवढं कळलं की माणसाच्या थांबण्याला कारण एकच असतं आणि ते भव्यच असतं, हे आपण धरून चालतो. गुडघे, दमा, घरातलं आजारपण, साथीला बसणारा माणूस न उरणं, ज्यांना गाणं कळायचं ते श्रोते एकेक करून जाणं. यातलं काहीही असू शकतं, आणि चार गोष्टी मिळूनही असू शकतं. 'मानी' काय किंवा 'हक्क' काय, दोन्ही शब्द ही शक्यता बंद करून टाकतात.

तीन ढीग

मग मी टेबलावर तीन ढीग केले. ही युक्ती तुम्हालाही वापरता येईल. माझ्याकडे जेवढी टिपणं होती ती तीन भागांत वाटली: घडलेलं, सांगितलेलं आणि जोडलेलं.

'घडलेलं' म्हणजे ज्याला तारीख, संस्था किंवा वस्तू आहे. १९५३चा अकादमी पुरस्कार. १९६९चं पद्मभूषण. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने दिलेला 'राज्यगायिका' हा सन्मान. तबकड्या. केरी गावात त्यांच्या एका घराच्या जागी उभी असलेली, त्यांच्या नावाची शाळा. गोव्यात त्यांच्या स्मरणार्थ होणारा संगीत समारोह. हा ढीग लहान असतो, पण नुसता मांडला तरी बोलायला लागतो. एकच उदाहरण देते. 'राज्यगायिका' हा सन्मान १९६९चा आहे, म्हणजे त्या जाहीर गाणं थांबवल्यावर पाचेक वर्षांनी. राज्याने ज्यांना गायिका म्हणून मुकुट घातला त्या तेव्हा राज्यासमोर गात नव्हत्या. हे मी कुठे जोडलेलं नाही, फक्त दोन तारखा शेजारी ठेवल्या. आता यावर विचार करायला जागा आहे: शासन सन्मान कधी देतं, चालू कलेला की संपलेल्या कलेला?

'सांगितलेलं' म्हणजे आठवणी, मुलाखती, व्यक्तिचित्रं. हे फेकायचं नाही. प्रत्येकावर कोणी, कोणाला, किती वर्षांनी सांगितलं याची चिठ्ठी लावायची. धोंडूताईंची आठवण आणि एखाद्या रसिकाने तिसऱ्याकडून ऐकलेला किस्सा एकाच मापाने मोजायचा नाही.

'जोडलेलं' म्हणजे आपण घातलेली कारणं, विशेषणं, योगायोगाचे अर्थ. 'मानी', 'एकांत', 'सर्वोच्च', 'भैरवीने शेवट'. माझ्या प्रकरणातला हा ढीग सगळ्यात मोठा निघाला. तुमचाही निघेल, घाबरू नका. जोडण्याशिवाय संशोधन होत नाही. फक्त जोड दिसली पाहिजे. शिंप्याने आतून शिवण घातली तरी कपडा उलटा केल्यावर ती दिसते, तसं वाचकाला आपलं वाक्य उलटं करून बघता आलं पाहिजे.

इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. "तुमच्या विषयावर साधनं कमी आहेत, मग काय करणार?" असा प्रश्न हमखास येतो. "क्षेत्रीय अभ्यास करू" हे उत्तर सगळेच देतात. तुम्ही असं सांगून बघा की साधनं का कमी आहेत हाच माझ्या प्रबंधाचा एक भाग असेल. कोणाकडे कागद राहतो, कोणाकडे राहत नाही, आणि जिथे कागद नाही तिथे लेखक काय भरतात. केसरबाईंच्या तेरा वर्षांवर पान भरत नसेल, पण त्या तेरा वर्षांबद्दल इतरांनी काय काय भरलं यावर एक प्रकरण सहज होतं. माझं तर होतंय.

तर तिसऱ्यांदा लिहिलेलं वाक्य असं आहे: "१९६३-६४च्या सुमारास केसरबाईंनी जाहीर गाणं थांबवलं, उतारवयात त्यांनी धोंडूताई कुलकर्णींना तालीम दिली, १९६९मध्ये त्यांना पद्मभूषण आणि राज्यगायिका हे सन्मान मिळाले. त्यांच्या थांबण्याची जी कारणं पुढील लेखनात दिली गेली, ती त्यांच्या स्वभावावर बेतलेली आहेत, आणि त्या लेखनाचीच तपासणी या प्रकरणात केली आहे."

कोरडं आहे, मान्य. पहिल्या दोन्हींपेक्षा कमी टाळ्या घेणारं आहे. पण यात बाईंच्या तोंडी मी काही घातलेलं नाही, आणि उद्या कुणाला त्यांचं एखादं पत्र सापडलं तर माझं वाक्य खोटं पडणार नाही, त्याला फक्त पुढची ओळ जोडावी लागेल.

सोमवारी खर्डा पुन्हा मॅडमकडे गेलाय. तोवर तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या सिनॉप्सिसमधलं तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य काढा आणि त्याच्या समासात ते तीन शब्द लिहून बघा. काय उरतं ते कळवा.